फांदीकडे बघणाऱ्या इनामदार बाई

"अहो केतकर, तुम्ही फार हलता."

इनामदार बाईंचं मला उद्देशून हे पहिलं पूर्ण वाक्य. त्याआधी चार वर्षं आम्ही एकाच कॉलेजात शिकवत होतो, एकाच स्टाफरूममध्ये डबे खात होतो, पण समोरासमोर आलो की मान हलवायची, यापलीकडे आमचा संबंध नव्हता. मी मराठी शिकवायचे, त्या प्राणिशास्त्र. हे वाक्य त्या बोलल्या तेव्हा आम्ही पुण्यापासून सात तासांवरच्या एका घाटमाथ्यावरच्या जंगलात, एका ओढ्याच्या काठी, धो धो पावसात उभ्या होतो. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि माझ्या पायाला जळू लागली होती. अशा वेळी माणसाने हलू नये तर काय करावं?

मी तिथे कशी पोचले ते सांगते. मुलींना घेऊन मुक्कामी सहल जाणार असेल तर सोबत दोन शिक्षिका हव्यात, असा कॉलेजचा नियम होता. प्राणिशास्त्रात बाई सोडून सगळे पुरुष. प्राचार्यांनी स्टाफरूमभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. माझी मुलगी तेव्हा शिकायला बंगलोरला गेली होती, मिस्टर दिवसभर त्यांच्या क्लासमध्ये, सदाशिव पेठेतल्या घरात मी एकटीच भिंतीवरच्या पालीला घाबरत बसलेली असायचे. मी हो म्हणाले. जंगलात काय बघायचंय हे विचारायचं मात्र राहून गेलं.

बघायचा होता चापडा. मलबारी चापडा. झाडावर राहणारा, रात्री जागा होणारा, विषारी साप.

"तो बघा," बाई म्हणाल्या. बॅटरीला त्यांनी लाल जिलेटीन पेपर रबरबँडने बांधला होता. त्या तांबूस उजेडात मला अंजनीचं एक झाड दिसलं, त्याच्या ओढ्यावर आडव्या आलेल्या फांदीवर शेवाळ दिसलं, पानं दिसली. साप दिसला नाही. विद्यार्थिनींनाही दिसला नाही. "बघत राहा," बाई म्हणाल्या. वीस मिनिटं त्या फांदीकडे बघितल्यावर, ज्याला मी पिवळं पडलेलं पान समजत होते त्या पानाला डोळा असल्याचं माझ्या लक्षात आलं. मग मान दिसली. मग फांदीवर घडी घालून ठेवलेलं, अंगठ्याएवढं जाड अंग दिसलं. माझ्यापासून ते सगळं जेमतेम सहा फुटांवर होतं. मी किंचाळले नाही याचं श्रेय मला देऊ नका; आवाजच फुटला नाही.

"मादी आहे," बाई म्हणाल्या. "तीन पावसाळे बघतेय. ह्याच फांदीवर असते."

"काय करतेय ती?"

"वाट बघतेय. बेडूक येईल, सरडा येईल. आज नाही तर उद्या. हिला घाई नाही."

त्या पहिल्या रात्री बेडूक आला नाही. दुसऱ्या रात्रीही आला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो तेव्हा ती तिथेच होती, त्याच घडीत.

इनामदार बाईंचं पूर्ण नाव रुखसाना इनामदार. आडनावावरून पुण्यातल्या अर्ध्या लोकांचा घोटाळा व्हायचा. कर्वेनगरात फ्लॅट घेतला तेव्हा शेजारच्या काकूंनी अंदाज घेण्यासाठी विचारलं होतं, "कुठले इनामदार म्हणायचे तुम्ही?" बाई म्हणाल्या, "रविवार पेठेतले." काकूंना ते उत्तर पुरलं नाही, पण पुढे विचारण्याची सोयही राहिली नाही. नंतर त्याच काकू बाईंच्या जिवाभावाच्या झाल्या आणि बाई जंगलात गेल्या की त्यांच्या कुंड्यांना पाणी घालू लागल्या.

रविवार पेठेत वडिलांचं घड्याळं दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. डोळ्यात भिंग खोचून तासन् तास एका चाकाकडे बघत बसलेला बाप, हे बाईंचं लहानपण. "अब्बांनी मला काही शिकवलं नाही," त्या म्हणायच्या. "मी फक्त त्यांच्या शेजारी बसायचे. हालले की ते म्हणायचे, बाळ, उजेड अडतोय." लग्न केलं नाही. का नाही केलं, असं एका नव्या सहकाऱ्याने भोचकपणे विचारलं तेव्हा बाईंनी डब्यातलं उकडलेलं अंडं सोलून संपवलं, टरफलं कागदात गुंडाळली आणि म्हणाल्या, "तुमचा तास आहे ना आता?"

ठेंगणा बांधा, आखूड केस, कायम सुती सलवार-कमीझ आणि पायात पुरुषी चपला. चालणं संथ. कर्वे रोड ओलांडताना त्या अशा निवांत उतरायच्या की रिक्षावालेच गोंधळून थांबायचे. मीटिंगमध्ये दोन तास त्या खुर्चीत जराही चुळबुळ करत नसत, हाताची घडी मोडत नसत. प्राचार्य त्यांना थोडे घाबरून असायचे, कारण शेवटी बाई एकच वाक्य बोलायच्या आणि ते लागायचं. एकदा कॉलेज तपासायला बाहेरची समिती येणार होती. प्राचार्यांच्या डोक्यात आलं की प्राणिशास्त्र विभागात एक जिवंत चापडा ठेवावा, पाहुणे खूश होतील.

"काचेची छान पेटी करून घेऊ, बाई. आत फांदी, पानं, लाईट. त्याला काय, तो तर हलतसुद्धा नाही म्हणता."

"सर, तुम्हालाही काचेची केबिन दिलीय," बाई म्हणाल्या. "आत कुंडी आहे, लाईट आहे. संध्याकाळी घरी का जाता?"

प्राचार्य मोठ्या मनाचे. ते सगळ्यांत आधी हसले. पेटीचा विषय तिथेच संपला.

वर्गात त्यांचा दरारा वेगळ्याच गोष्टीचा होता. त्या "माहीत नाही" म्हणायच्या. मी तीस वर्षं शिकवलं, पण फळ्यासमोर उभं राहून हे दोन शब्द इतक्या सहज म्हणणारं दुसरं कुणी बघितलं नाही. चापड्याचा डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक खळगा असतो, त्याने त्याला उंदरा-पाखराच्या अंगाची ऊब अंधारातही कळते, हे त्या रंगवून सांगायच्या. एकच जात, पण कुणी हिरवा, कुणी पिवळा, कुणी तपकिरी, कुणी निळसर, हेही सांगायच्या. मग एखादी मुलगी विचारायची, "मॅडम, पाऊस संपल्यावर तो कुठे जातो?"

"दिसत नाही फारसा. कुठे जातो ते मला माहीत नाही."

"पुस्तकात काय दिलंय?"

"पुस्तकात पुष्कळ दिलंय. मी बघितलेलं नाही."

सापांबद्दल कुणी "शी" म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "शी म्हणायचं असेल तर मेसच्या भाजीला म्हणा," असं त्या हॉस्टेलच्या मुलींना सुनवायच्या. जळवांनाही त्या मीठ लावू देत नसत. नखाने अलगद सोडवायच्या आणि पानावर ठेवायच्या. माझ्या पायाची पहिली जळू त्यांनीच काढली. मी डोळे मिटून उभी होते. "झालं," त्या म्हणाल्या, "तुमचं थोडं गेलं, तिचा महिना निघाला."

कर्वेनगरात कुठेही साप निघाला की बाईंना फोन जायचा. एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते तेव्हा जवळच्याच एका सोसायटीतून सेक्रेटरींचा फोन आला, मण्यार निघालाय म्हणून. आम्ही गेलो. पार्किंगमध्ये वीसेक माणसं, चार काठ्या आणि मधोमध बादलीखाली झाकलेला साप. बाईंनी बादली उचलली, वाकून बघितलं.

"कवड्या आहे. बिनविषारी. पाली खातो."

"पण बाई, आपल्या आवारात शिरलाय," सेक्रेटरी म्हणाले. "लहान मुलं आहेत इथे. मारलेला बरा नाही का?"

"गुन्हा काय त्याचा? विनापरवानगी पार्किंग?" बाईंनी शेजारच्या मोटरसायकलकडे बोट केलं. ती दोन गाड्यांच्या जागेत आडवी लावलेली होती. "ही कुणाची?"

ती सेक्रेटरींच्या चिरंजीवांची होती. वीस माणसांनी एकदम दुसरीकडे बघितलं. बाईंनी कवड्याला कापडी पिशवीत घेतलं आणि आम्ही टेकडीच्या दिशेने निघालो. वाटेत त्या म्हणाल्या, "केतकर, तुम्ही पिशवी धरा, मी किल्ली शोधते." मी धरली. घरी जाऊन मिस्टरांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. माझाही बसत नव्हता.

अशी पाच वर्षं गेली. दर पावसाळ्यात तीन-चार वेळा आम्ही ओढ्याजवळच्या त्या गावात जायचो. पुढे पुढे सहल नसली तरी जायचो. गावातल्या पार्वतीवहिनींच्या घरी उतरायचं, संध्याकाळी नाचणीची भाकरी खायची, अंधार पडला की ओढ्यावर जायचं. पिवळी मादी बहुतेक वेळा असायचीच. बाईंनी तिला कधी नाव दिलं नाही. मुलींनी हळदी, केशर अशी दोन-तीन सुचवली होती. बाई म्हणाल्या, "नाव दिलं की आपण हाक मारतो. हाक मारली की वाटतं तिने बघावं. तिचा काय संबंध?" पण त्यांच्या वहीत तिची पानंच्या पानं होती. कुठल्या रात्री तोंड कुठल्या दिशेला, शेपटी फांदीला किती वेढे, पाऊस किती. एका रात्री आमच्या डोळ्यांसमोर तिने बेडूक पकडला. चार रात्री दगडासारखी बसलेली ती, आणि मग मला काही दिसायच्या आत बेडूक तिच्या तोंडात. बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी तिथे बोटं उमटलेली होती.

आता जे सांगायचं आहे ते मला सोपं नाही.

मी लिहिणारी बाई. इतकं सुंदर काही बघायचं आणि लिहायचं नाही, हे मला जमेना. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी मी बाईंवर लेख लिहिला. लेख चांगला होता. आजही म्हणते, चांगला होता. त्यात बाई होत्या, लाल बॅटरी होती, पिवळी मादी होती. आणि गावाचं नाव होतं, ओढ्याचं नाव होतं, पुलापासून उजवीकडे किती पावलांवर ते अंजनीचं झाड आहे, तेही होतं. त्या पावलांवर तर मी विशेष खूश होते.

बाईंनी स्टाफरूममध्ये तो वाचला. चष्मा काढला. "चांगलं लिहिता तुम्ही," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "गावाचं नाव का घातलंत?"

"वाचकांना तपशील आवडतो, बाई."

"हो," त्या म्हणाल्या. "आवडणारच."

दिवसभर माझा फोन वाजत होता. लोक कौतुक करत होते. त्यातले किती जण बोलता बोलता तिथे कसं जायचं, राहायची सोय काय, असं विचारत होते, ते मी ऐकूनही ऐकलं नाही. उलट उत्साहाने सांगितलं.

तीन आठवड्यांनी आम्ही गावात गेलो. पार्वतीवहिनी अंगणातच उभ्या होत्या. नेहमीसारखं हसल्या नाहीत.

"लय लोकं आली बाई," त्या म्हणाल्या. "दोन शनवार गाड्यांची ही रांग. क्यामेरे घेऊन. रातभर उजेड, आरडावरडा. म्या म्हनलं, असं करू नगा. कोन ऐकतंय?"

आम्ही उजेडीच ओढ्यावर गेलो. वाटेवर पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं. अंजनीचं झाड उभं होतं. ओढ्यावरची आडवी फांदी नव्हती. कोयत्याने तोडली होती, बुंध्यापाशी पांढरा घाव दिसत होता. ओढ्यावरच्या त्या फांदीवर फोटोसाठी उजेड नीट पडत नाही, म्हणून कुणीतरी ती तोडून साप दुसऱ्या, बरा फोटो येईल अशा फांदीवर काठीने नेऊन ठेवला होता. हे सगळं पार्वतीवहिनींनीच सांगितलं. नंतर तो कुठे गेला ते त्यांना ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं पाण्यात पडला, कुणी म्हणालं पिशवीत घालून नेला.

बाई त्या घावाजवळ गेल्या. हात लावला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. मी मागे रडत होते. त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत ओढा दोन्ही काठांनी पालथा घातला. दुसऱ्या रात्रीही. पिवळी मादी दिसली नाही. पुढे कधीच दिसली नाही.

परतीच्या वाटेवर कऱ्हाडच्या पुढे मी म्हणाले, "बाई, मला क्षमा करा."

"तुम्हाला वाईट वाटतंय ते दिसतंय मला," खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या. "पण त्या वाटण्याचा तिला काही उपयोग नाही."

"मग काय करू मी?"

"माहीत नाही, केतकर मॅडम."

केतकर मॅडम. पाच वर्षांत त्यांनी मला अशी हाक कधी मारली नव्हती. अहो केतकर, नुसतं केतकर, क्वचित "अहो मराठी" असंही. मॅडम म्हणजे दार लावून घेतल्याचा आवाज होता. सगळा पावसाळा ते दार बंद राहिलं. डबा त्या माझ्यासमोरच उघडायच्या, लोणचं पुढे करायच्या, "घ्या मॅडम" म्हणायच्या. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर मी सुटले असते.

मी मला सुचेल ते केलं. वर्तमानपत्राच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले की शेवटी त्यांनी वेबसाइटवरून लेख काढला. ज्यांनी ज्यांनी फोन करून पत्ता विचारला होता, त्या सगळ्यांना मी स्वतः फोन केले. तिघे खजील झाले. एकाने "तुम्हीच लिहिलंत ना?" असं विचारलं. मग मी एकटीच गावात जाऊ लागले, एस.टी.ने. पार्वतीवहिनी आणि गावातल्या बायकांपाशी बसले, काय झालं ते सांगितलं, माझ्यामुळे झालं तेही सांगितलं. त्यावर पार्वतीवहिनींनी जो तोडगा काढला तो कुठल्याही वनखात्याला सुचला नसता. कॅमेरेवाली गाडी आली की गावातली पहिली भेटेल ती बाई विचारायची, "चापडा बघायचाय व्हय? मग हिकडं कशाला? त्यो वर टावरपाशी असतोय." टॉवर तीन किलोमीटर चढावर होता आणि तिथे खडक आणि वारा सोडून काही नव्हतं. दोन महिन्यांत गर्दी आटली. लोकांनी एकमेकांना सांगितलं असावं, की तिथे काही मिळत नाही.

हे बाईंना मी सांगितलं नव्हतं. पार्वतीवहिनींनी फोनवर सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं त्या दिवशी स्टाफरूममध्ये शिरले, तर बाई डबा सोडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "अहो केतकर, टॉवरपाशी काय असतं हो?"

मी तिथे, सगळ्यांसमोर, हसत हसत रडले.

नंतरच्या पावसाळ्यांत आम्ही पुन्हा जाऊ लागलो, आता दोघीच. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे वाट नाही तिथे, बाईंनी दुसरे चापडे शोधून काढले. एक तपकिरी नर, एक हिरवी मादी. मला सारखं वाटायचं की ती पिवळी कुठेतरी सापडेल. बाई म्हणायच्या, "ती गेली. ही आहे. हिच्याकडे बघा."

त्याच काळात कधीतरी माझ्या लक्षात आलं, की बाई वाटेवर माझ्या खांद्याला हात लावून चालतात. मला वाटलं वय झालं, पाय घसरत असतील. मग एका रात्री त्या एका फांदीकडे बराच वेळ बघत होत्या आणि चापडा शेजारच्या फांदीवर होता. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "केतकर, डोकं कुठल्या बाजूला आहे तिचं?"

"बाई, तुम्हाला दिसत नाही?"

"विचारलंय ते सांगा."

"ओढ्याकडे."

"लिहा."

काचबिंदू होता. दीड वर्षापासून त्यांना माहीत होतं, औषधं चालू होती, पण गेलेली नजर परत येणार नव्हती. कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्रीपासून वही माझ्याकडे आली. बाई शेजारी बसायच्या आणि प्रश्न विचारायच्या. घट्ट घडी की सैल? जीभ बाहेर काढतेय का? शेपटीचं टोक कुठे? पहिल्या महिन्यात माझं प्रत्येक दुसरं उत्तर चुकायचं. "असेल" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "असेल काय? बघा आणि सांगा." पन्नाशी उलटल्यावर मला बघायला शिकवलं ते बाईंनी, आणि तेही स्वतःला दिसेनासं झाल्यावर.

शेवटचा पावसाळा सरत आला होता. बाई रिटायर होऊन वर्ष झालं होतं. तेव्हाच्या एका रात्री मी हिरव्या मादीवर बॅटरी धरली, आणि नोंद सांगायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"बाई, खाली काहीतरी आहे. तिच्या खाली, झुडपात. बारीक बारीक."

"काय बारीक?"

"साप आहेत. पेन्सिलीएवढे. तपकिरी."

बाईंचा हात माझा दंड शोधत आला. चापडा अंडी घालत नाही, पिल्लं देतो. हे त्यांनी कित्येक वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. नुकती जन्मलेली पिल्लं आईजवळ त्यांनी स्वतः कधीही बघितली नव्हती. एवढे पावसाळे त्याच एका गोष्टीसाठी त्या थांबल्या होत्या, हे मला त्या हातावरून कळलं.

"मोजा," त्या म्हणाल्या.

"पाच."

"घाई करू नका. परत मोजा."

मी परत मोजली. एक पिल्लू पानाच्या आड होतं, त्याची फक्त शेपटी दिसत होती, तिचं टोक फिकं, आणि ते टोक अळीसारखं वळवळत होतं.

"सहा. बाई, एकाची शेपटी हलतेय. अळीसारखी."

"बेडकाला फसवायला," बाई कुजबुजल्या. "जन्मून दोन दिवस झाले नसतील, आणि बघा." मग त्यांनी चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला. त्याने काही फरक पडणार नव्हता. दीड तास आम्ही तिथे बसलो. मी सांगत होते, त्या ऐकत होत्या, आणि अधूनमधून विचारत होत्या, "अजून सहाच?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना कर्वेनगरात सोडलं. गाडी मीच चालवत होते. फाटकापाशी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "रात्रीचं लिहिलंत ना? वाचा."

मी वाचलं. हिरवी मादी, जमिनीपासून चार फुटांवर, सैल घडी. पिल्लं सहा, तपकिरी, शेपटीचं टोक फिकट. एकाची शेपटी हलती. पाऊस रिपरिप. आणि शेवटी मी माझ्या सवयीने एक वाक्य घातलं होतं, तेही वाचलं. "फार सुंदर दिसत होती."

"हे कोणी सांगितलं?"

"मीच लिहिलं. खोडते."

मी पेन काढलं.

"दिसत होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"फार?"

"फार, बाई."

"मग राहू द्या."

त्या उतरल्या. सलवारीला गुडघ्यापर्यंत तिथली लाल माती होती. फाटकाची कडी चाचपून काढली, माझी मदत घेतली नाही, भिंतीला हात लावत जिना चढल्या. त्या हिवाळ्यात त्या गेल्या, झोपेत, कुणाला त्रास न देता. मी तेव्हा मुलीकडे बंगलोरला होते, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून माझ्यासाठी शेवटचं दिसणं ते त्या दुपारचंच.

त्या दुपारी त्या वर गेल्यावर मी गाडी वळवून घेतली आणि थांबले. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचं दार उघडलं. बाई कठड्यापाशी आल्या. गाडीचा आवाज मघाशी जिथे होता तिकडे तोंड करून, समोरच्या गुलमोहराकडे बघत, त्यांनी हात वर केला. मी होते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला.

मी गाडीतून उतरले, रस्ता ओलांडला, आणि त्या जिकडे बघत होत्या तिथे, गुलमोहराखाली जाऊन उभी राहिले.